वीतभर उजेड

नवी पेठेत इरण्णाच्या दुकानात
काचेवर सात दिवे, पट्ट्यासकट.
सात माणसं डोकी घरी विसरून
नुसती कपाळं ठेवून गेल्यासारखी.
"हा घ्या मामा. हजार लुमेन.
अर्धा किलोमीटर मारतो. ती समोरची टाकी बघा."
बघितली.
टाकीवर झोपलेलं कबुतरही दिसलं,
दचकून उडालं बिचारं.

मला कबुतर नको, इरण्णा.
मला धागा पाहिजे,
नाकापासून वीतभर लांब.
वहीच्या डोळ्यातून ओढायचा, मग फणीच्या दातातून,
एका बीमला असे चोवीसशे.
एक चुकला की चादरीवरच्या मोराच्या पोटातून
उभी चीर जाते, पार टोकापर्यंत,
आणि मोर काही बोलत नाही,
मालक बोलतो.

अक्कलकोट रोडच्या शेडात ट्यूब आहेत की,
नाहीत असं नाही.
पण त्या वर, आढ्याला, पाठीमागं.
एकतीस वर्षं माझीच सावली
माझ्या हातांवर पडते.
सावलीतच ओवत आलो.
डोळे होते तोवर कळलं नाही.

गेल्या महिन्यात समोरून तार काढून देणारी अनसूया,
वय एकोणीस,
मागांच्या खडखडाटातही
फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली,
"काका, हा मरून नाही. तपकिरी आहे."

म्हणून खिशात दोन धागे घेऊन आलोय,
विडीच्या कागदात गुंडाळून.
हजारवाल्याखाली धरले:
दोन्ही सारखेच, निळसर, आजारी.
दुसऱ्याखाली तेच. तिसऱ्याखाली तेच.
पाचवा जरा पिवळट होता, स्वस्तातला,
कोपऱ्यात मागं सरकवलेला.
त्याच्याखाली मरून मरून झाला
आणि तपकिरी बाजूला सरकला,
भांडण झालेल्या जावांसारखा.

"किती तास चालतो?"
"शंभर!"
"कुठल्या उजेडाचे शंभर?"
इरण्णा खोका उलटा करतो,
बारीक अक्षर लांब धरतो, जवळ धरतो,
शेवटी चष्मा शोधतो.
सगळ्यात मंद ठेवला तर शंभर.
मला लागेल तेवढा ठेवला तर चौदा.
चौदा चालतील. पाळी बाराची.

सेल डोक्याच्या मागं आहे, हे बरं.
सगळं वजन कपाळावर असलं की
दुपारपर्यंत मान देवाला नमस्कार करते.
सेल निघतो का? निघतो.
पट्टा धुता येतो का? येतो.
(चैत्रात शेडात घाम कसा येतो
ते खोक्यावर लिहिलेलं नसतं.)
कापसाची फुसफुस आत जाईल का?
इरण्णा म्हणाला, "ते तुम्हीच सांगा, महिन्यानं."
प्रामाणिक माणूस. शंभर रुपये कमी केले नाहीत.

पहिल्या रात्री दिवा लावला
आणि हातांवरची सावली उठून गेली,
मागच्या भिंतीवर जाऊन उभी राहिली,
एवढी मोठी, की वॉचमन दोनदा आत डोकावला.
धागे असे वेगळे, जणू आत्ताच नावं ठेवलीत.
मी मान वर केली, अनसूयाला सांगावं म्हणून.
तिनं डोळे घट्ट मिटले.
"काका, डोळ्यात!"

दिव्याला एक बिजागरी आहे.
टक् करून एक घर खाली जाते.
दुकानात इतके प्रश्न विचारले,
हिचं काही विचारलंच नव्हतं.
आता वर बघायच्या आधी हात आपोआप जातो.
टक्.
मग ती धागा पुढं करते.

पहाटे बीम संपलं. चोवीसशे. एकही परत काढला नाही.
बाहेर ऊन पडलेलं,
सोलापूरचं, सातलाच भाजणारं.
गाड्यावर चहा घेतला, ब्रेड बुडवला, अर्धा खाल्ला.
विठ्ठल गंजी पैसे परत देताना
कपाळाकडं बघून म्हणाला,
"मामा, दिवा चालूच हाय की ओ."